पोपटीनंतरची तहान

खालापूर तालुक्यातल्या त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथली माणसं अजून तिथेच आहेत, त्याच विहिरीचं पाणी पितात, आणि आपल्याबद्दल कुणी छापून आणलेलं त्यांतल्या काहींना आवडायचं नाही. पुण्याहून बोरघाट उतरून मुंबईला जाणाऱ्या पुष्कळांनी कर्जतच्या फलाटावर उतरून चहा घेतला असेल. पलीकडे उभी असलेली खोपोलीची छोटी गाडी पाहून ती कुठे जात असेल, तिकडे कोण राहत असेल, असं फार थोड्यांच्या मनात आलं असेल. मी त्या गाडीने गेले. परत आले तेव्हा लिहायचं राहून गेलं. आता थंडी पडली की ते दिवस फार आठवतात, म्हणून लिहायला बसले आहे.

सेहेचाळीस सालची नाताळची सुट्टी होती. मी, माझी मैत्रीण कुसुम आणि कुसुमचे वडील, असे आम्ही तिघं निघालो. कुसुम आणि मी पुण्यात एकाच शाळेत नुकत्याच शिकवायला लागलो होतो. कुसुमचे वडील म्हणजे अप्पा हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर. सगळी हयात इंग्रजी शिकवण्यात गेली होती, आणि काळा कोट, काळी टोपी घातल्याशिवाय ते उंबऱ्याबाहेर पडत नसत. त्यांची धाकटी बहीण दुर्गाआत्या खालापूरच्या बाजूला एका गावात सुईण होती. लहानपणी विधवा झाली, मग पुण्यात राहून सुईणीचं शिकली आणि दवाखान्याच्या नेमणुकीवर इकडे आली, ती इथलीच होऊन गेली. आम्हाला चार दिवस तिच्याकडे राहायचं होतं. अप्पा आम्हाला पोचवून त्याच संध्याकाळी परत फिरणार होते. का, ते कुसुमने मला गाडीत हळूच सांगितलं. आत्या कातकऱ्यांच्या बायकांची बाळंतपणं करते, त्यांच्या झोपडीत जाते, म्हणून अप्पा कित्येक वर्षं तिच्या घरचं पाणी पीत नव्हते. वर्षातून एकदा येत, तिच्या ओटीवर बसत, ख्यालीखुशाली विचारत आणि उठत. जेवत नसत.

माथेरान

माथेरानही पाहायचं ठरलं होतं, म्हणून कर्जतच्या पुढे जाऊन आम्ही आधी नेरळला उतरलो. नेरळहून निघणारी ती लहानगी गाडी डोंगराला वळसे घेत अशी चढते, की आपण मघाशी गेलेला रूळ पायाखाली दिसतो. वर तांबडी माती, गर्द झाडी आणि हवेत असा गारवा, की अप्पांनी उपरणं कानावरून घेतलं. त्या दिवशी ते फार खुशीत होते. आम्ही एका कड्यावर गेलो, खालच्या खोऱ्यात धुकं साचलं होतं, आणि अप्पा तिथे उभे राहून इंग्रजीतून त्या देखाव्याचं वर्णन करू लागले. कुसुम हसू दाबून माझ्याकडे पाहत होती.

परत येताना चहाची वेळ झाली. झाडीत एक हॉटेल दिसलं. लांब व्हरांडा, वेताच्या खुर्च्या, नाताळसाठी खांबांना पताका लावलेल्या. अप्पा पायऱ्या चढून एका खुर्चीवर बसले आणि आम्हालाही बोलावलं. शेजारच्या टेबलावर एक गोरी म्हातारी आणि तिचा मुलगा बसले होते. म्हातारीने आमच्याकडे पाहिलं, मग खुर्ची सरकवून तोंड दुसरीकडे केलं. तो मुलगा आत गेला. थोड्या वेळाने पांढरा डगला घातलेला एक नोकर बाहेर आला. तो आपलाच माणूस होता. त्याने अप्पांच्या कानाशी वाकून मराठीत सांगितलं, की इथे फक्त साहेबलोक बसतात, आपण मागच्या पायरीवर या, मी चहा तिथे आणून देतो.

अप्पा उठले. त्यांनी इंग्रजीत काही बोलावं असं मला वाटत होतं, पण ते बोलले नाहीत. टोपी सारखी केली आणि पायऱ्या उतरले. स्टेशनावर चहा मिळत होता, तोही त्यांनी घेतला नाही. गाडी उतरायला लागल्यावर ते एवढंच म्हणाले, की ही गोष्ट घरी कुणाला सांगायची नाही.

कर्जत, खोपोली आणि पुढे

दुसऱ्या दिवशी कर्जतला खोपोलीची गाडी धरली. ती गाडी कुणासाठीही थांबते असं वाटावं इतकी सावकाश जाते. भात कापून झालं होतं आणि खाचरांतून धसकटं उरली होती. जिथे ओल होती तिथे वालाचे हिरवे वेल पसरले होते. डब्यात बसलेल्या बायकांच्या टोपल्यांतून सुक्या बोंबलांचा वास येत होता. साजगावच्या जत्रेत घेतलेले, एकीने आपण होऊन सांगितलं, वर्षभर पुरवायचे. अप्पांनी नाकाला उपरणं लावलं. पुण्यात जत्रेहून लोक बत्तासे आणि बुक्का आणतात, इथे विठोबाच्या जत्रेहून बोंबील आणतात, याची कुसुमला फार मौज वाटली.

खोपोलीहून आत्याने पाठवलेली बैलगाडी होती. ती रस्ता सोडून जिथवर जाऊ शकत होती तिथवर गेली, पुढे बांधाबांधाने चालायचं होतं. समोर इरशाळचा सुळका, त्याच्या मागे प्रबळगड, आणि पाठीमागे सह्याद्रीची भिंत. मी त्या सुळक्याकडे बघत चालले होते, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. अप्पा बांधावरून घसरून खाचरात बसले होते. टोपी चिखलात पडली होती आणि उजवा पाय मुरगळला होता. गाडीवान आणि कुसुम, दोघांनी त्यांना धरून आत्याच्या घरी आणलं. घोटा असा सुजला होता, की त्या संध्याकाळी परत जाण्याची गोष्टच राहिली नाही.

दुर्गाआत्याला मी प्रथमच पाहत होते. उंच, सावळी, पांढरं लुगडं गुडघ्यापाशी चिमटून खोवलेलं, आवाज मोठा. भावाला पाहून तिने काही कौतुक केलं नाही. आंबेहळद उगाळली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन लेप लावायला बसली. अप्पा अवघडून भिंतीकडे बघत होते. औषधाला त्यांची हरकत नव्हती, एवढं दिसलं.

कुसुमच्या पोटात माथेरानची गोष्ट राहिली नाही. अप्पांसमोरच तिने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. आत्या पट्टी बांधत होती, तिचा हात थांबला नाही.

"मागच्या पायरीवर चहा देतो म्हणाला?" तिने विचारलं. "आमच्या विहिरीला तर मागची पायरीही नाही."

"ते वेगळं," अप्पा म्हणाले.

आत्याने पट्टीची गाठ मारली आणि आत स्वयंपाकाला गेली. ते दिवस अप्पांनी पाटलांच्या घरच्या दुधावर आणि केळ्यांवर काढले. त्यांचं पिण्याचं पाणी कुसुम ओहोळावरून वेगळं भरून आणायची, कारण वाहत्या पाण्याला विटाळ नसतो.

गाव आणि वाडी

विहिरीचं मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गावात मराठे आणि कुणबी शेतकऱ्यांची घरं, आणि वर डोंगराच्या कुशीत कातकऱ्यांची वाडी. कारवीच्या कुडाच्या भिंती, वर गवताचं छप्पर, अंगण मात्र आरशासारखं सारवलेलं. लावणी, कापणी, झोडणी, सगळ्याला गावाला कातकरी हवे. उरलेले दिवस ते कोळशाच्या भट्ट्यांवर जात. पण त्यांचा रंग काळा, भाषा निराळी, खाणं निराळं, आणि काही हरवलं की पहिला संशय त्यांच्यावर. विहिरीच्या कट्ट्यावर त्यांनी पाय ठेवायचा नाही. खाली मडकी ठेवून उभं राहायचं, कुणी गावातली बाई ओतील तेव्हा भरून घ्यायचं.

थंडीत ओहोळ वाहतो, तेव्हा भागतं. फाल्गुनात तो आटतो. आदल्या वैशाखात वाडीतली ठमी, पोटुशी असताना, दिवस भरत आलेले, मडकं घेऊन कट्ट्याखाली उभी होती. गावात कुणाचंतरी लग्न होतं, बायका घाईत होत्या. ऊन वर आलं तरी तिचं मडकं रिकामं होतं. ती तिथेच कोसळली. आत्याला बोलावलं, ती धावत गेली, पण मूल मेलेलंच जन्मलं.

ठमीला मी त्याच सकाळी पाहिलं. ती आत्याकडे तपासायला आली होती. तिला पुन्हा दिवस गेले होते. काटक, मोठ्या डोळ्यांची, माझ्याच वयाची असेल. आत्याने बोटांवर महिने मोजले आणि म्हणाली, वैशाखातच. तिचा सासरा काळू नाईक दाराबाहेर उकिडवा बसला होता. वाडीचा तो मुख्य. त्याने आत्याला सांगितलं, की पाण्याचं काही ठरलं नाही तर होळीच्या आत वाडी उठवणार. कर्जतच्या पलीकडे एका कंत्राटदाराच्या भट्ट्या आहेत, तिथे नदी आहे, तिकडे जाणार, आणि मग लावणीला परत येणार नाही.

हे गावाच्याही कानावर गेलं होतं. म्हणूनच पाटलांनी त्या दुपारी सगळ्यांना बोलावलं होतं. देवळात बसावं तर कातकरी आत येऊ शकत नाहीत. चावडीत बसावं तरी तेच. शेवटी खळ्यावर बसायचं ठरलं, कारण खळ्यावर भात झोडायला ते येतच असतात.

खळ्यावर

अशी बैठक मी आधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाही. पुण्यात सभा म्हणजे व्यासपीठ, हार आणि आभार. इथे पेंढ्याच्या भाऱ्यांना टेकून गाव एका बाजूला, कातकरी दुसऱ्या बाजूला, आणि मधल्या मोकळ्या जागेत कोंबड्या दाणे टिपत होत्या. अप्पांनाही खाटेवर बसवून आणलं होतं. पुण्याचे शिकलेले ब्राह्मण आलेत, त्यांनी ऐकावं, अशी पाटलांची इच्छा होती.

एकाने सुचवलं, कातकऱ्यांना वेगळी विहीर खणून द्या. कुठे खणायची, यावरच ते थांबलं, कारण वाडीच्या बाजूला सगळा कातळ. दुसरा म्हणाला, पाणी ओतायला एक बाई नेमा, पाळीपाळीने. बायकांनी त्याला जागच्या जागी गप्प केलं. तिसऱ्याचं म्हणणं, त्यांनी भर दुपारी यावं, तेव्हा विहिरीवर कुणी नसतं. आत्याने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्यानेच मान खाली घातली.

मग पाटलांचा पुतण्या शंकर उठला. तो लढाईवर जाऊन आला होता, ब्रह्मदेशच्या रानात. तो म्हणाला, तिकडे पाणी संपलं की एकच डबा फिरायचा. "गोरा प्याला, पठाण प्याला, मी पन प्यालो. कुनाला काय झालं नाय. घरी आल्यावं आयेनं माज्या अंगावं गोमूत्र शिपडलं, तेवडंच." लोक हसले. त्याची आई नाही हसली.

बोलणं तिथेच अडकलं. तेव्हा पाटलांची म्हातारी आई राधाबाय बोलली. वाकलेली, दात नसलेली, पण गावात तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणाली, विहिरीचं एकदम काढलं तर माणसं बिथरतील. आधी एकत्र बसून खाऊन तर बघा. वालाच्या शेंगा भरल्यात, पोपटी लावा. "पोपटीला पानी लागत नाय, त्याल लागत नाय. शेंग आपल्या सालीत शिजते. तिला कुनाचा बाट लागल?"

गावाला हे पटलं. पाण्याशिवाय शिजलेलं, त्याने कुणाचं काही जात नव्हतं. सगळ्यांनी कातकऱ्यांकडे पाहिलं. काळू नाईकाने हातातली पेंढ्याची काडी मोडली. मग म्हणाला, "खाऊ की. पन शेंगंला मीठ आसतंय बाय. खाल्ल्यावं तान लागल. मंग?"

पोपटी उद्या लावायची ठरून लोक उठले.

पोपटी

ज्यांनी पोपटी खाल्लेली नाही त्यांना ती नुसती सांगून कळायची नाही, तरी सांगते. एक मोठं मडकं घ्यायचं. तळाशी भांबुर्ड्याचा पाला. हे एक रानटी झुडूप, वास ओव्यासारखा उग्र. त्यावर वालाच्या शेंगांचा थर, जाडं मीठ, ओवा, मग पुन्हा शेंगा, मध्ये कणगरं, म्हणजे रताळ्यासारखे कंद, आणि बटाटे, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबायचा. मडकं पालथं घालून भोवती पेंढा, गवत, काटक्या रचून जाळ करायचा. आम्ही पुण्याला हुरडा खातो, तोही शेतातच, पण हुरड्यात हा झाडपाल्याचा वास नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा खळ्यावर जाळ पेटला. शेंगा गावाच्या शेतातल्या, भांबुर्डा कातकऱ्यांच्या बायकांनी डोंगरावरून आणलेला. मडकं राधाबायने स्वतः भरलं. गावातली माणसं होती, पण सगळी नव्हती. शंकरची आई आली नव्हती, आणखीही काही घरं आली नव्हती. दोन्ही बाजूंनी आपापलं पाणी आणलं होतं. गावाचा हंडा एका अंगाला, आणि वाडीचं मडकं जाळाच्या अलीकडे ठमीपाशी.

पोपटी झाली की नाही, ते ओळखायची एक रीत आहे. तापलेल्या मडक्यावर पाण्याचा हात शिंपडायचा. पाणी चर्र करून क्षणात उडालं की झाली. जाळ उतरल्यावर राधाबाय काठी टेकत पुढे आली, वाकली, आणि हाताशी जे मडकं होतं त्यात ओंजळ बुडवून पाणी शिंपडलं. चर्र झालं. वाफ उठली. आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की ते मडकं ठमीचं होतं.

कुणी हललं नाही. पाटलांचा चेहरा उतरला. म्हातारीने आधी मडक्याकडे पाहिलं, मग आपल्या ओल्या हाताकडे. तिला दिसायचं कमी, असं गाव म्हणत आलं होतं. तिला खरंच दिसलं नाही, की तिने जाणून केलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी पुढे एकदा तिला विचारलंही, तर ती नुसती बोळकं उघडून हसली.

"पडलं ते पडलं," ती म्हणाली. "आता काय शेंगा टाकून दिवाच्या? काडा रं मडका."

दोघातिघांनी बांबूने मडकं उलथलं. वाफाळत्या शेंगा, काळवंडलेला पाला, कणगरं, सगळं पेंढ्यावर ओतलं गेलं, आणि तो वास असा पसरला, की निम्म्या लोकांची तिथेच शरणागती झाली. गावातले तिघेचौघे मात्र उठून घराकडे गेले. बाकीचे बसले. सुरुवातीला गाव इकडच्या कडेने खात होतं, वाडी तिकडच्या. ढीग कमी होत गेला तसे हात मध्ये आले. शंकर आणि काळू नाईक एकाच कणगराचे दोन तुकडे करून खाताना मी पाहिले. अप्पांनीही खाल्लं. पाण्याशिवायचं होतं ना. त्यांनी शेंगा सोलून कोटाच्या खिशात सालं भरली, कारण खाली टाकावीत की नाही हे त्यांना कळेना.

आणि मग काळू नाईक म्हणाला होता तसंच झालं. सगळ्यांना तहान लागली. गावाच्या हंड्याकडे हात वळू लागले. ठमी उठली. मडकं कमरेवर घेऊन ती राधाबायपुढे येऊन उभी राहिली. म्हातारीने वर पाहिलं.

"शिपडलं ते पोटात गेलंच हाय," ती पुटपुटली आणि ओंजळ पुढे केली.

ती प्याली. तिच्यामागे शंकर प्याला. आत्या तर नेहमीच पीत असे. पाटील थोडा वेळ चुळबुळले, मग तेही वाकले. अप्पांपर्यंत ठमी आली तेव्हा त्यांनी मान हलवून नको म्हटलं. फार हळू म्हटलं, पण नको म्हटलं. ठमी पुढे गेली. कुसुमने बापाकडे पाहिलं आणि मग ती व मी ठमीच्या मडक्यातलं पाणी प्यालो. त्याला भांबुर्ड्याचा आणि धुराचा वास होता.

विहिरीवर

पोपटीच्या बळावर पाटलांनी जाहीर केलं, की उद्यापासून वाडीच्या बायकांनी आपल्या हाताने पाणी ओढावं. पण जे उठून गेले होते त्यांनी घरोघरी काय सांगितलं ते सकाळी कळलं. आम्ही विहिरीवर गेलो तेव्हा तिथे निम्मं गाव जमलं होतं. अप्पाही काठी टेकत, एकेक पाऊल टाकत आले. मी त्यांना नको म्हटलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही.

ठमी कट्ट्यावर चढली. तिचा पोहरा खाली गेला, भरून वर आला. तिने मडकं भरलं. ती खाली उतरायच्या आत शंकरच्या आईने आपला भरलेला हंडा सगळ्यांसमोर उपडा केला. तिच्यामागे आणखी दोघींनी केला. पाणी वाहत ठमीच्या पायाखालून गेलं. विहीर बाटली, आता शुद्ध करून घ्यायला पाहिजे, असं एकजण म्हणाला. पाटलांनी रागाने त्याला दरडावलं, तो उलट बोलला, आणि काल जे एकत्र बसून खात होते ते आज दोन्ही बाजूंनी तोंड उघडून उभे राहिले. काळू नाईक बायकांना मागे बोलावू लागला. मला वाटलं, आता संपलं. ही वाडी उठणार.

तेव्हा शंकरच्या आईचं लक्ष अप्पांकडे गेलं. ती पुढे आली, पदर सावरून नमस्कार केला, आणि म्हणाली, "बाबा, तुमी बामन हाव. शिकलेलं हाव. तुमीच सांगा, इर बाटली का नाय?"

सगळे वळून अप्पांकडे पाहू लागले. या माणसाने काल पाणी घेतलं नव्हतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. शंकरच्या आईला कुणीतरी सांगितलंही असेल. तिला उत्तराची खात्री होती. आत्या भावाकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

अप्पांनी काठी कुसुमच्या हातात दिली, लंगडत कट्ट्यापाशी गेले, टोपी काढून बगलेत धरली आणि ठमीपुढे ओंजळ केली.

"घाल बाई पाणी," ते म्हणाले.

ठमी मागे सरली. "नको बाबा. मागनं समदं माज्यावं येल."

"नाही येणार. मला तहान लागली आहे."

तिने सासऱ्याकडे पाहिलं. काळू नाईकाने मान हलवली. तिने मडकं कलतं केलं. अप्पा वाकून प्याले. निम्मं पाणी बाह्यांतून कोटाच्या आत गेलं. ओंजळ रिकामी झाली तशी त्यांनी पुन्हा पुढे केली. दुसऱ्यांदा प्याले, तोंड पुसलं, टोपी घातली, आणि शंकरच्या आईला एवढंच म्हणाले, "गोड आहे पाणी."

ती रिकामा हंडा उचलून घरी गेली. पण विहीर शुद्ध करायची गोष्ट त्या सकाळी पुन्हा कुणी काढली नाही. वाडीच्या बाकीच्या बायका एकेक करून कट्ट्यावर चढल्या. गावातल्या काही बायका थांबल्या, काही निघून गेल्या. ज्या थांबल्या त्यांतल्या एकीने, दोर कसा धरायचा म्हणजे हाताला घासत नाही, ते ठमीच्या जावेला दाखवलं.

घरी आल्यावर अप्पा ओटीवर बसले नाहीत. पाय धुऊन आत आले आणि चुलीपुढे पाट ओढून बसले. आत्या भाकरी थापत होती. तिने पाहिलं, पण जणू ते रोजच तिथे बसतात असं तिने ताट वाढलं. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, भात, ताक. ते जेवले, आणखी भात मागितला, पुन्हा बिरडं मागितलं. तिने आम्हा तिघींपुरताच स्वयंपाक केला होता. कुसुमच्या आणि माझ्या वाट्याला अर्धी अर्धी भाकरी आणि ताक आलं. आत्या मात्र जेवली नाही. नंतर जेवीन म्हणाली, आणि भावासमोर बसून तो कसा जेवतो ते बघत राहिली.

वैशाखात पुन्हा

आम्ही परत आलो. अप्पांचा घोटा बरा व्हायला महिना लागला. त्या सकाळबद्दल ते पुण्यात कधी बोलले नाहीत. सोवळंओवळं त्यांचं घरी पहिल्यासारखंच चालू राहिलं. फक्त बहिणीकडे ते वरचेवर जायला लागले, आणि तिथून आले की चार दिवस घरच्या बिरड्याला नावं ठेवायचे.

शाळेची उन्हाळी सुट्टी लागताच मी एकटीच गेले. कर्जतला उन्हाने फलाट भाजत होता, खोपोलीच्या गाडीत खिडकीचा गज धरवत नव्हता. खाचरं भेगाळली होती, वालाचा मागमूस नव्हता. गावाच्या शिवेवर पोचले तेव्हा वर डोंगराकडे पाहायचं धाडस होईना. मग धूर दिसला. वाडी तिथेच होती.

आत्याने सांगितलं, सगळं सरळ झालेलं नाही. शंकरच्या आईचं घर आणि आणखी एक घर वाडीच्या बायका येऊन गेल्या की विहिरीवर चार पोहरे पाणी ओतून कट्टा धुतात, मगच भरतात. पाटलांनी पुष्कळ सांगितलं, उपयोग नाही. देवळाचं तर नावही कुणी काढलेलं नाही. पण कातकऱ्यांच्या बायकांना कुणी खाली उभं करत नाही, आणि चैत्रात शंकरने विहिरीवर रहाट बसवून दिला आहे, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत.

ठमीला मुलगी झाली होती. मी विहिरीवर गेले तेव्हा ती रहाट ओढत होती, घामाने चिंब. जवळच्या करंजाच्या फांदीला धडप्याची झोळी बांधलेली होती आणि राधाबाय सावलीत बसून काठीच्या टोकाने तिला झोके देत होती. पोर रडायला लागली तशी म्हातारी ठमीवर खेकसली, "आटप की गं लवकर. पोरीला भूक लागली हाय, नि माजा हात मोडून आला."

मडकं भरून झालं होतं, तरी ठमीने आणखी एक पोहरा ओढला, म्हातारीच्या रिकाम्या कळशीत ओतला, आणि मग मुलीला घ्यायला वाकली.